दोर आवरताना

उपचार संपले की माणसं जपायला लागतात. हातातली पिशवी काढून घेतात, जिना चढताना मागे थांबतात. पुण्याहून येणारा आईचा फोन रोज 'दगदग करू नकोस हं' यावरच संपतो. यात प्रेमाशिवाय दुसरं काही नसतं. पण तिशीत स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईला या जपणुकीत आपण दिवसेंदिवस आक्रसत चाललोय असं वाटू लागतं. सगळे शरीराची चौकशी करतात, शरीराकडे मागत कोणी काही नाही.

'फर्स्ट डिसेंट्स'च्या शिबिरात ते मागितलं गेलं. ब्रॅड लडन या कयाकपटूच्या घरातल्या एका तरुण स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यातूनच २००१ मध्ये त्याने कोलोरॅडोत ही संस्था सुरू केली. १८ ते ३९ हा तिथला वयोगट. अधांतरी वय! मुलांच्या वॉर्डात आपली जागा नसते, आणि मोठ्यांच्या वेटिंग रूममध्ये शेजारच्या आजी विचारतात, 'आईला घेऊन आलीस का?' शिबिराला शुल्क नाही. कुणी कयाकिंग करतं, कुणी सर्फिंग. माझ्या वाट्याला युटामधल्या मोआबचे लाल कडे आले. तिथे प्रत्येकाला नवं टोपणनाव मिळतं. मी 'मिरची' झाले. फायलींवरचं नाव काही दिवस बाजूला राहिलं, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

पॅक्लिटॅक्सेलने माझ्या बोटांची टोकं बधिर करून ठेवली आहेत. ब्लाउजचं हुक लावतानाही आरसा लागतो. कड्यावर तर बोट कपारीत नीट बसलंय की नाही हे हाताला कळेचना. मग मी नखांकडे बघायला शिकले. नखाखालची कातडी पांढरी पडली की समजायचं, पकड बसली. वाळूचे लाल कण घामात चिकटून राहत. कॉलेजात असताना सह्याद्रीत हात लावलेला काळा, टणक बसाल्ट आठवला. हा दगड त्यापुढे मऊ, पाऊस झाला की आणखी कच्चा. वरून वाळलेला दिसला तरी आतून ओला असतो आणि पकडी तुटून हातात येतात. म्हणून सरीनंतर चढाई बंद.

तो बंद दिवस मला फार मोलाचा वाटतो. शेगडीभोवती बसून आम्ही गोठवून ठेवलेल्या बीजांडांबद्दल बोललो, विम्याबद्दल बोललो, नव्याने ओळख झालेल्या माणसाला हे कधी सांगायचं याबद्दल बोललो. कुणी आवाज खाली आणला नाही. कुणी 'किती धीराची गं तू' म्हटलं नाही. आपल्या सह्याद्रीच्या कुशीतही अशी शिबिरं ठिकठिकाणी हवीत, असं मला मनापासून वाटतं.

चढणाऱ्याचा दोर खाली उभा असलेला जोडीदार सांभाळतो. तो वर ओढत नाही. तुम्ही वीतभर चढलात की तेवढाच सैल पडलेला दोर आवरून घेतो, आणि हात सुटलाच तर तुमचा सगळा भार पेलतो. चढायचं तुमचं तुम्हीच. माझा दोर धरणारीला ल्युकेमियाच्या उपचारातल्या स्टेरॉइड्समुळे ऐन पंचविशीत खुब्याचा सांधा बदलून घ्यावा लागला होता. मी अर्ध्यावर लटकले, पाय थरथरले, तरी ती एवढंच म्हणाली, "दोर घट्ट आहे. हवं तेवढं थांब." कुणीतरी मला असं थांबू दिल्याला बरेच दिवस झाले होते.

मग दोर माझ्या हाती आला. एका उंच पायरीशी ती अडली. नवा सांधा तेवढा वाकत नव्हता. तिचा पाय तीनदा घसरला, आणि तिला सरळ वर खेचून घ्यावं अशी जबर ओढ माझ्या दंडांत दाटून आली. आईचा फोन कुठून येतो ते मला तेव्हा कळलं. मी पाय रोवून उभी राहिले, दोर ताणून ओढला नाही, सैलही सोडला नाही. तिने बराच वेळ दगड चाचपला, डावीकडे सरकून बोटभर रुंदीची कड शोधली आणि त्यावरून अंग उचललं. मी दोर आवरत गेले. वर पोचल्यावर तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती शेजारच्या, जास्त अवघड वाटेकडे बघून ओरडली, "मिरची, पुढची ही!"