शिदोरी पांढरकवड्याची

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, की साधारण दीडशे किलोमीटरवर पांढरकवडा येतो. यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव. गंमत म्हणजे तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी मात्र पांढरकवड्याला! गावाबाहेर पडलं, की कापसाची शेतं, मधूनमधून तुरीचे पट्टे आणि त्यापलीकडे सागाचं जंगल. हिवाळ्यात इथे भटकायला फार मजा येते. पण भटकायचं म्हटलं, की पहिला प्रश्न पोटाचा. बरोबर न्यायचं काय?

आधी केळापूरला जाऊ. गाव जवळच आहे. इथल्या जगदंबेच्या देवळात नवरात्रात मोठी गर्दी होते. विदर्भात देवदर्शनाला किंवा शेतात मंडळी जमली, की रोडग्यांचा बेत ठरलेलाच! कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फडक्याने राख झटकायची, फोडून त्यावर तूप सोडायचं. जोडीला वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. पळसाच्या पानांची पत्रावळ असली, की ताटं धुवायचं कामसुद्धा नाही. मात्र विस्तव मोठ्या माणसांनीच पेटवायचा आणि निघताना पाणी टाकून पुरता विझवायचा, बरं का!

आता टिपेश्वरला चला. पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं आहे. इथल्या टेकडीवर टिपाई देवीचं देऊळ आहे, त्यावरून जंगलाला टिपेश्वर नाव पडलं. १९९७ साली ते अभयारण्य झालं. इथे वाघ आहेत. सुन्ना गावाच्या बाजूने आत जाता येतं, पण गाडीतून, वाटाड्याबरोबर. मध्येच खाली उतरायचं नाही. मग चूल कुठली आणि रोडगे कुठले! सागाची वाळलेली पानं सगळीकडे पडलेली असतात. एक ठिणगी उडाली, तरी वणवा लागायचा. म्हणून फाटकाबाहेर बसून खाता येईल अशी शिदोरीच हवी.

शिदोरीचा नियम सोपा आहे. ओलं नासतं, कोरडं टिकतं. बुरशीला आणि जंतूंना वाढायला ओलावा लागतो. रस्साभाजी, दहीभात, ओल्या नारळाची चटणी उन्हात दुपारपर्यंत आंबते. आपल्या आज्यांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक होतं. म्हणून त्या प्रवासाला दशम्या देत. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. तिच्याबरोबर जवसाची, तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, एक कांदा आणि गुळाचा खडा. झालं जेवण!

मधल्या वेळेला फुटाणे, मुरमुऱ्यांचा चिवडा, शेंगदाणे-गूळ. आणि सातूचं पीठ विसरू नका. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून, एकत्र दळून हे पीठ करतात. पाणी आणि गूळ घालून कालवलं, की खायला तयार. ना चूल, ना भांडी! बिहारमध्ये भाजलेल्या हरभऱ्याचं सत्तू असंच खातात. तिकडे उंच तिबेटात भाजलेल्या सातूच्या, म्हणजे जवाच्या, पिठाला त्साम्पा म्हणतात आणि चहात कालवून खातात. बघा, लांब चालणाऱ्या माणसांना सगळीकडे एकच युक्ती सुचली. धान्य घरी भाजून ठेवायचं, म्हणजे वाटेत विस्तव लागत नाही. दिवसभर हिंडायचं असेल, तर प्रत्येकाजवळ दोन लिटर तरी पाणी हवं.

टिपेश्वरचा एक वाघ तर फार मोठा पायी प्रवास करून गेला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून वनखात्याला त्याचा रस्ता कळत होता. जून २०१९ मध्ये तो निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या शेतांतून, ओढ्यानाल्यांतून फिरत वर्षाअखेरीस तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. म्हणजे जंगल फाटकापाशी संपत नाही. ज्या बांधावर आपण डबा उघडतो, तिथून रात्री वाघ, रानडुक्कर, नीलगाय कुणीही जाऊ शकतं.

म्हणूनच शिदोरीत काय आहे, इतकंच ती कशात बांधली आहे हेही महत्त्वाचं. वेफर्सच्या रिकाम्या पिशवीला मिठाचा, तेलाचा वास असतो. चितळं, गुरं ती चघळतात, गिळतात आणि प्लास्टिक पोटात अडकून मरतातसुद्धा. माकडांना बिस्किटं दिली, तर ती पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप घालतात. दशमी मात्र सुती फडक्यात बांधली जाते. ती संपली, की फडकं घडी करून खिशात!

वर्गाची सहल असेल, तर अंगतपंगत करा. कुणाकडे भाकर असेल, कुणाकडे पुरी. सगळं मधोमध ठेवा आणि वाटून खा. भाकर आणणाऱ्याला कुणी हसलं, तर त्याला भाकरीवर तिळाची चटणी घालून एक घास द्या. पुन्हा हसणार नाही!

मग काय, सुटीच्या आदल्या दिवशी लाडीगोडी लावा, “आजी, दशम्या करून देतं का वं?” आणि परत आल्यावर पिशवी उलटी करून बघा. नेलेला प्रत्येक डबा, प्रत्येक फडकं, प्रत्येक कागद घरी परत आला असेल, तरच तुमची सहल शंभर नंबरी!