उघड्या दाराची सभा

खानदेश ओलांडून तापी सुरतेत पोचते तेव्हा समुद्राच्या ओढीने रुंद झालेली असते. किल्ल्यापाशी तिच्या काठावर उभे राहिले की मराठी माणसाला शिवरायांची स्वारी आठवते. मला त्या आठवणीमागोमाग दादोबा पांडुरंग आठवतात.

दादोबा तर्खडकर इथल्या सरकारी इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक होते. वय तिशीचे. मराठीचे व्याकरण १८३६ सालीच छापून झालेले. गाव परके, बोली परकी. आपण बरे, आपली शाळा बरी, असे म्हणून राहिले असते तर कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाला आणि इतर मित्रांना घेऊन मानवधर्म सभा काढली. ईश्वर एक, माणसाची जात एक, थोरवी गुणांची, जन्माची नव्हे. आज ही वाक्ये शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असतात. त्या काळी ती बोलणाऱ्याला पंगतीतून उठवले जाई, मुलीचे लग्न अडे, घरी मर्तिक झाले तर खांदेकरी मिळत नसत.

आणि सभा उघड होती. दर रविवारी कुणीही यावे, ऐकावे, वाद घालावा. मंत्राने भूत उतरवतो म्हणणाऱ्यांना सर्वांदेखत आव्हान दिले जाई. मला त्या रविवारांचे फार अप्रूप वाटते. ग्रंथात मत मांडता येते. पण सोमवारी ज्यांची मुले आपल्या वर्गात येऊन बसणार, त्यांच्यासमोर ते तोंडाने बोलायला छाती लागते.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला. सभा थंडावली. मुंबईत दादोबांनी परमहंस सभा उभारली ती मात्र गुप्त. जातीची बंधने मोडायची, पण बंद दाराआड. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि धास्तीने सभाच मोडली. ‘धर्मविवेचन’ दादोबांनी सुरतेत १८४३ मध्ये लिहिले. ते छापले १८६८ मध्ये, तेही टोपणनावाने.

मी त्यांना दोष देत नाही. बहिष्काराची झळ एकट्या कर्त्या माणसाला लागत नाही, घरातल्या बायकामुलांनाही लागते. तरी माझा कौल सुरतेच्या त्या अल्पायुषी सभेलाच आहे. तिची वही कुणी पळवली असती तरी काय बिघडले असते? सारा गाव त्यांना तोंडाने ओळखत होता. पुढे १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला, तो उघडपणे. त्यात दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे होते.

शाळेत आपल्याला फक्त व्याकरणकार दादोबा भेटतात. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादित करून १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. ते मिळवून जरूर वाचा.