झाडगावच्या काचपेट्या आणि मुक्या जिवांचा शेजार

गेल्या पौषात शाहूवाडी तालुक्यातील पंचवीस-तीस शेतकरी स्त्री-पुरुषांची अभ्यास सहल घेऊन रत्नागिरीस गेलो होतो. सहल खरे म्हणजे आंबा-काजूच्या कलमांसाठी होती. पहाटे मलकापूर सोडले, आंबा घाट उतरलो आणि साखरपा मागे पडेपर्यंत मंडळींनी कानटोप्या, स्वेटर काढून मांडीवर घेतले. गाडी वेळेआधी पोचली. दोन तास हाताशी होते, म्हणून सर्वांना झाडगावला नेले.

झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचेच ते. तेथील मत्स्यालय आणि संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली नेहमी येतात. देवमाशाचा अवाढव्य सांगाडा पाहून आमची मंडळी गप्प झाली. एका पैलवान गड्याने तर त्याच्या बरगड्या मोजायला घेतल्या. पण बायका रमल्या त्या रंगीत माशांच्या काचपेट्यांपुढे.

तेथेच एका वहिनींनी मला गाठले. "सायेब, हे मासं एकमेकास्नी खात न्हाईत व्हय?"

प्रश्नामागची हकिगत अशी. त्यांच्या मुलाने बाजारातून काचेचा गोल गडू आणला होता. त्यात दोन गोल्डफिश, चार पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब आणि काच चाटणारा एक सकर. पंधरा दिवसांत एकेक करून सारे मेले. शेवटचा मासा गेला त्या दिवशी पोरगा जेवला नाही, आणि सासूबाईंनी बजावले, "माझ्या घरात मुके जीव मारायचे न्हाईत." गडू माळ्यावर गेला. पोराचा हट्ट मात्र गेलेला नाही.

मी त्यांना विचारले, "वहिनी, शेततळ्यात बीज सोडताना एकाच जातीचे सोडता का?" त्या हसल्या. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, हे त्यांना पाठ होते. काचपेटीतही थर असेच पाहायचे. पण तळे मोठे असते. कोणी कोणाच्या अंगावर आला तर पळायला जागा असते. दोन फुटांच्या पेटीत पळून जायचे कोठे? म्हणून येथे स्वभावही पाहावा लागतो.

टायगर बार्ब दुसऱ्याच्या लांब परांना चावे घेणारा. सहा-आठ एकत्र असले तर ते आपसांतच पाठशिवणी खेळतात, थोडे असले की शेजाऱ्याला छळतात. गोल्डफिश संथ, लोंबत्या परांचा. त्याला थंड पाणी मानवते. बहुतेक इतर रंगीत मासे २४ ते २८ अंशांत खूष. शिवाय गोल्डफिश खातो फार आणि घाणही फार करतो. तेव्हा तो आपल्या जातीतच बरा. दोन फायटर नर एका पेटीत म्हणजे मरेपर्यंत मारामारी. एंजल दिसायला देखणा, पण मोठा झाला की बारीक निऑन टेट्रा गिळतो. ऑस्कर तर तोंडात मावेल ते सारे खातो. दुकानात सारीच पिल्ले दोन इंचांची असतात, आणि फसगत होते ती तेथेच. मासा विकत घेताना तो पुढे केवढा होणार हे विचारावे. तो सकर फूटभर वाढतो!

वहिनींनी मग एका पेटीची लांबी वितीने मोजली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर पाणी. वरची मोकळी जागा आणि तळची वाळू वजा जाता पंचेचाळीस धरा. एवढ्यात गप्पी, प्लॅटी असे लहान मासे दहा-बारा. गोल्डफिशच्या जोडीलाच शंभरावर लिटर हवे. एंजलसाठी उंची दीड फूट तरी असावी. पाण्याला हवा मिळते ती पृष्ठभागातून, म्हणून अरुंद तोंडाचा गडू वाईटच. आपल्याकडे वीज केव्हाही जाते आणि हवेचा पंप बंद पडतो; त्यासाठी मासे हिशेबापेक्षा कमीच ठेवावेत. पन्नास लिटरची पेटी वाळूसकट साठ किलोंच्या पुढे जाते, तेव्हा ती फळकुटावर ठेवू नये.

"मग पंधरा दिवसांतच का मेले?" वहिनींचा दुसरा प्रश्न. हा मला आवडला, कारण त्याचे उत्तर आपल्या शेतातले आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. जमिनीत युरियाचे नत्र जसे जिवाणू नायट्रेटपर्यंत नेतात, तसेच जिवाणू पेटीतील वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे जातात. तोवर सात मासे एका गडूत म्हणजे कोवळ्या रोपाला मूठभर युरिया. त्यातून पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचे, टीसीएल पावडर टाकलेले. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावे. बोअरचे पाणी जड असेल तर गप्पी, मोली, प्लॅटी यांना ते चांगले मानवते. निऑन टेट्राला मात्र हलके पाणी लागते.

गप्पी म्हणजे आरोग्य खात्याचे लोक डासांसाठी हौदात सोडतात तेच. (त्रिनिदादमधील गप्पी नावाच्या गृहस्थांवरून नाव पडले, गप्पांशी संबंध नाही.) सुरुवात त्यांच्यापासून करावी, तीन-चारच सोडून. पिल्ले मोठ्यांनी खाऊ नयेत म्हणून हायड्रिलासारखी पाणवनस्पती ठेवावी. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. थंडीत आपल्या भागात हीटर लावावा लागतो.

एक गोष्ट मी सहलीतल्या सर्वांनाच जरा आवाज चढवून सांगितली. मासे नकोसे झाले तर विहिरीत, ओढ्यात, तळ्यात सोडायचे नाहीत. असा सोडलेला सकर देशातील अनेक नद्या-तलावांत माजला आहे. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि त्याला गिऱ्हाईक नाही.

वहिनींनी त्या दिवशी मासे घेतले नाहीत. परतताना घाटात सगळे पेंगत होते, पण त्या पोराच्या वहीच्या पानावर पेटीची मापे पुन्हा पुन्हा लिहीत होत्या. माघात माझे त्यांच्या वाडीवर जाणे झाले. ओसरीत भिंतीलगत दोन फुटांची पेटी होती. पाणी, वाळू, वनस्पती, फिल्टर चालू आणि आत चारच गप्पी. पोरगा म्हणाला, अजून तीन आठवडे काही आणायचे नाही. सासूबाई बाजूला बसून गव्हाचे खडे निवडत होत्या. मला म्हणाल्या, "चार हाईत. सकाळी उठल्याबरुबर मी मोजत्ये."