औंढ्याच्या उन्हात चॉकलेटचा कीस

कोको बटर ३३-३४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि माणसाच्या तोंडात असतात साधारण ३७ अंश. डार्क चॉकलेटची सगळी गंमत या तीन-चार अंशांत आहे. कागदात असताना कडक, तोडलं तर कट् असा आवाज करणारं, आणि जिभेवर ठेवलं की न चावता विरघळणारं. थंड मुलखातल्या माणसाला हे आयतं मिळतं. औंढा नागनाथला वैशाखात पारा बेचाळिशीला टेकतो, दिवस मावळल्यावरही भिंतीला हात लावला तर भिंत पोळते. अशा गावात केकवर चॉकलेटचा कीस घालायचा तर कलाकुसर नंतर येते, आधी ऊन सांभाळावं लागतं.

मी घरूनच केकच्या ऑर्डरी घेते. गाव देवस्थानचं. महाशिवरात्रीला यात्रा, श्रावणी सोमवारी नागनाथाच्या दर्शनाला मोठी रांग, त्यामुळे माझ्याकडचे केक सगळे बिनअंड्याचे. चवी मोजक्याच चालतात: पायनापल, बटरस्कॉच, चॉकलेट ट्रफल आणि सगळ्यांत जास्त ब्लॅक फॉरेस्ट. पोराचा पहिला वाढदिवस असो की आजोबांची पंचाहत्तरी, फोनवर आधी ब्लॅक फॉरेस्टचं नाव येतं आणि पाठोपाठ, "ताई, वरून ते काळं काळं भरपूर टाका बरं का!"

हा केक मूळचा जर्मनीचा. तिथे त्यात आंबट चेरी असते, चेरीचीच दारू असते आणि दुधाची घट्ट साय फेटून घातलेली असते. आपल्याकडे येईपर्यंत त्यातलं काय काय गळलं बघा. दारू गेली, ती जायचीच होती. चेरीच्या जागी डब्यातली लालभडक गोड चेरी आली, आणि ती बहुतेक वेळा चेरी नसतेच. करवंदाच्या जातीचं फळ बी काढून, पाकात मुरवून, रंग देऊन तयार केलेलं असतं. सायीच्या जागी वनस्पती तेलाचं व्हिपिंग क्रीम आलं. याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या उन्हात दुधाचं क्रीम तासभरही उभं राहत नाही, आणि करवंद तर आपल्याच डोंगरातलं. पण मग या केकमध्ये अस्सल म्हणावं असं उरलं काय? वरचा चॉकलेटचा कीस. तो तरी खरा असावा, एवढाच माझा आग्रह आहे आणि त्यासाठी मी गिऱ्हाइकाशी वादही घालते.

कारण तोही बहुतेक ठिकाणी खरा नसतो. हिंगोलीत जा, परभणीत जा, नांदेडला जा, बेकरी सामानाच्या दुकानात डार्क कंपाउंडचे स्लॅब रचून ठेवलेले दिसतात. कंपाउंडमध्ये कोको पावडर असते, साखर असते, पण कोको बटरच्या जागी पामसारख्या झाडांचं घट्ट केलेलं तेल असतं. वितळवा, ओता, आपोआप घट्ट होतं. उन्हात जास्त वेळ तग धरतं. भाव कमी. त्याच्या नळ्या तर इतक्या सुबक निघतात की फोटोत खऱ्या चॉकलेटपेक्षा तेच उठून दिसतं. केकच्या कडेला जाळी काढायला, वाढदिवसाच्या मुलाचं नाव लिहायला मीही ते वापरते. किसासाठी मात्र नाही. कीस पातळ का करायचा? जिभेवर पडल्या पडल्या तो नाहीसा व्हावा आणि मागे थोडा कडवटपणा ठेवून जावा म्हणून. कंपाउंडचा कीस टाळूला चिकटतो, तेलकट थर मागे राहतो, आणि कोकोची चव येण्याआधी साखरच पुढे येते. मग त्याचं काम फक्त काळं दिसण्याचं उरतं.

डार्कच का, मिल्क चॉकलेट का नाही, असंही विचारतात. एक कारण चवीचं: क्रीम गोड, स्पंज पाकात भिजवलेला, त्यावर पुन्हा गोडच घातलं तर जीभ दोन घासांत कंटाळते. दुसरं कारण कामाचं. दुधातली स्निग्धता कोको बटरला मऊ करते, त्यामुळे मिल्क चॉकलेटचा कीस लवकर मान टाकतो. डार्क ताठ राहतं. त्यातही ७० टक्के कोकोचं चॉकलेट आमच्याकडे लोकांना फार कडू लागतं. ५५ टक्क्यांच्या आसपासचं बरोबर बसतं.

आता प्रत्यक्ष काम. फ्रीजमधून काढल्या काढल्या स्लॅबवर सालकाढणी चालवली तर काप निघत नाहीत, भुगा पडतो. थंडीने चॉकलेट इतकं ताठलेलं असतं की वळायच्या ऐवजी तुटतं. उलट खोली तापलेली असली की पात्याला लगदा चिकटतो. या दोन्हींच्या मधे, साधारण २२ ते २५ अंशांत, लांबट, स्वतःभोवती वळलेली फीत निघते. थर्मामीटर आहे माझ्याकडे, पण स्लॅब तयार झाला की नाही हे पहिल्या कापालाच कानाला कळतं. खर्र आवाज आला तर अजून थांबायचं. सुर्र असा बारीक आवाज आला की भराभर हात चालवायचा. काहीच आवाज आला नाही तर उशीर झाला, स्लॅब परत आत ठेवायचा.

तळहात आणि बोटांची ऊब चॉकलेटच्या वितळण्याच्या फार जवळ असते. म्हणून स्लॅब उघड्या बोटांनी धरायचा नाही. मी दुमडलेला सुती रुमाल घेते. स्लॅब जरा जास्तच गार असला तर तळहात त्याच्या पृष्ठभागावर थोडा वेळ नुसता धरते, टेकवत नाही. तेवढ्या उबेने वरचा पातळ थर मऊ होतो आणि फीत सलग निघते. पातं आपल्याकडे ओढायचं, दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा. दाब वाढला की काप जाड होतो आणि जाड काप चावावा लागतो. अरुंद कडेवरून बारीक फिती मिळतात, रुंद पाठीवरून पसरट. काप खाली पडेल ते स्टीलचं ताट आधी फ्रीजमध्ये गार करून ठेवलेलं हवं. तिथून तो चमच्याने किंवा पॅलेट नाईफने उचलायचा. बऱ्याच जणी केकच्या बाजूंना कीस लावताना मूठभर घेऊन तळहाताने दाबतात. त्यात अर्धा कीस हातालाच लागतो आणि उरलेल्याची चमक जाते.

मोठ्या नळ्या करायच्या असतील तर चॉकलेट टेंपर करावं लागतं. ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत ढवळत २७-२८ पर्यंत उतरवायचं, मग पुन्हा ३१-३२ वर आणायचं. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारे जमू शकतात. त्यातला पाचवा हवा असतो. चमक त्याची, कट् आवाज त्याचा. हे उतरणं-चढणं त्या पाचव्यासाठी. मग चॉकलेट पातळ पसरायचं, आणि बोटाचा ठसा उमटतो पण बोटाला काही लागत नाही अशा वेळी रुंद पातं तिरकं धरून पुढे ढकलायचं. ही वेळ फार थोडी टिकते. परदेशी पुस्तकांत यासाठी संगमरवर सांगितलेला असतो. मार्गशीर्षातल्या पहाटे आमचा कडप्प्याचा ओटा संगमरवराइतकाच गार असतो. चैत्र लागला की त्यावर चॉकलेट घट्टच होत नाही. त्यामुळे नळ्यांचं काम मी कार्तिक ते माघ एवढ्याच दिवसांत घेते.

नागनाथाच्या देवळाच्या बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. प्रदक्षिणा घालताना मला त्या कारागिरांच्या छिन्नीखालून उडालेल्या कपच्या आठवतात. त्यांची मूर्ती राहिली, कपच्या गेल्या. माझ्या कामात कपची हीच वस्तू आहे, स्लॅब संपून जातो. काप एकदा निघाला की त्यात दुरुस्ती नाही, घासूनपुसून नीट करता येत नाही. म्हणून पातं धारदार आणि पूर्ण कोरडं असायला हवं. ते पुसूनच मी कामाला बसते.

पावसाळ्यात ऊन कमी होतं तर दमट हवा आडवी येते. फ्रीजमधला केक बाहेर काढला की त्यावर दव धरतं, किसातली साखर त्यात विरघळते आणि ओल वाळल्यावर काळ्या कापांवर पांढुरकी पुटं दिसतात. लोकांना ती बुरशी वाटते. ती बुरशी नसते, खायलाही धोका नसतो, पण दिसतं वाईट. त्यावर साधा उपाय आहे: केकचा डबा बंदच ठेवून बाहेर काढायचा आणि आतला गारवा कमी झाल्यावरच उघडायचा. दव डब्यावर बसतं, किसावर नाही.

"भरपूर टाका" या मागणीशी मात्र माझं जुळत नाही. सगळा केक काळ्या किसाने झाकला तर क्रीमचा पांढरा रंग दिसत नाही, आणि प्रत्येक घासात कडवटपणा आला की तो जाणवेनासा होतो. मी वर मधोमध एक सैलसा ढीग ठेवते आणि खालच्या कडेला बोटभर पट्टी. ढीग दाबत नाही. कापांमध्ये हवा राहिली तरच ते हलके लागतात. कीस सगळ्यांत शेवटी, केक डब्यात जाण्याच्या आधी. केकपेक्षाही तो मला सीताफळाच्या रबडीवर आवडतो. सीताफळाची रवाळ गोडी आणि वरून डार्कचे चार-पाच काप, तेही वाटी हातात द्यायच्या क्षणी. श्रीखंडावर आणि केशर घातलेल्या बासुंदीवर मी चॉकलेट कधीच घालत नाही. वेलची-केशराचा वास त्याखाली दबून जातो. तिथे पिस्त्याचे कापच शोभतात.

२०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टची पिकं बिघडली आणि जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. जगातला निम्म्याहून जास्त कोको त्याच दोन देशांतून येतो. आपल्याकडे केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत कोको होतो, पण तो देशाला पुरत नाही. औंढ्यातल्या अर्धा किलोच्या केकपर्यंत तो भाव येऊन पोचला. तेव्हा मी किसाचं वजन कमी केलं, जात बदलली नाही.

राहिला उन्हाळा. फाल्गुनानंतर मी केकवर कीस घालून देत नाही. सकाळी, घर गार असताना, काप काढते, छोट्या झाकणाच्या डबीत भरते आणि केकबरोबर ती डबी वेगळी देते. सांगते की डबी फ्रीजमध्ये ठेवा, मेणबत्त्या विझल्या की चमच्याने वरून घाला आणि लगेच कापा. सुरुवातीला लोकांना वाटायचं की ताईंनी काम अर्धवट सोडलं. आता घरोघरी त्या डबीवर पोरांचा हक्क आहे. कीस कुणी घालायचा यावरून भांडणं होतात, आणि बऱ्याचदा तो मान आजीला मिळतो. कीस कसाही पडला तरी चालतो. तो वितळलेला नसतो, हे महत्त्वाचं.

तुम्हीही केक सांगाल तेव्हा वर कोणतं चॉकलेट घालणार ते विचारा, आणि शक्य असेल तर पाकीट बघायला मागा. घटकांमध्ये कोको बटर लिहिलेलं असेल तरच कीस घ्या, नसेल तर केक साधाच बरा. आणि महिना चैत्र-वैशाखाचा असेल तर कीस वेगळ्या डबीत मागून घ्या.