आत्याची तारीख

संपादकांनी 'एका परिचारिकेची प्रेरक मुलाखत' मागितली होती. मी मौखिक इतिहासाची अभ्यासक, आणि माझी आत्या मराठवाड्याच्या सीमेजवळच्या एका सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झालेली. त्यामुळे हे काम सोपं आहे, असं त्यांना वाटलं. मुलाखत झाली. पण तिच्यातल्या एका तारखेवरून आमच्या घरात वाद पेटला. तो अजून मिटलेला नाही, आणि माझ्या विषयाचा गाभाच त्या वादात आहे. म्हणून मुलाखतीऐवजी हा लेख.

मोबाईल समोर ठेवला आणि 'आत्या, सांग तुझ्या आठवणी' म्हटलं की मुलाखत झाली, असा सार्वत्रिक समज आहे. असं विचारलं की माणूस सत्काराला उत्तर दिल्यासारखं बोलतो. परिचारिकेला तर ते भाषण समाजानेच पाठ करून दिलेलं असतं: सेवा, त्याग, ममता. त्यात वॉर्डही दिसत नाही आणि बाईही दिसत नाही. तिने तीन पाळ्यांत आयुष्यभर केलेलं कसबाचं काम 'सेवाभाव' या एका शब्दात गुंडाळलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून मी हातांपासून सुरुवात करते. ड्युटीवर आलं की पहिलं काय करायचीस? चार्ज कोणाकडून घ्यायचीस? सिरिंजा कोण उकळायचं? या प्रश्नांवर आत्या सावरून बसली. रबरी हातमोजे धुवायचे, हवा भरून भोक आहे का बघायचं, असलं तर ठिगळ लावायचं, वाळवून पावडर लावायची, ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला पाठवायचे. बोथट झालेल्या सुया दगडावर घासायच्या. "अगं, सुई बोथट असली की पेशंट आमच्यावर ओरडायचा. डॉक्टर काय, लिहून मोकळे." एकदा वापरून फेकायच्या सिरिंजा पुढे एड्सची धास्ती पसरल्यावर हळूहळू रुळल्या. या तपशिलांतूनच बाई घरापर्यंत पोचते. पहिला पगार कोणाच्या हातात दिलास, असं विचारलं, तेव्हा माझ्या वडिलांच्या कॉलेजची फी तिच्या पगारातून गेली होती हे मला पहिल्यांदा कळलं. आमच्या घरात हे कोणी कधी बोललं नव्हतं. 'नाईट ड्युटी करणारी सून नको' म्हणून मोडलेली दोन स्थळंही अशीच, रजेच्या अर्जाबद्दल बोलताना निघाली.

आता ती तारीख. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं ढिगाऱ्यात गेली आणि जखमी ट्रक-टेम्पोंतून मिळेल त्या दवाखान्यात येऊ लागले. आत्या सांगत होती: कॉट संपल्या, व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या, धनुर्वाताची इंजेक्शनं देता देता दंड भरून आले. आणि मग म्हणाली, "घरी सासूबाई शेवटच्या घटका मोजत होत्या गं. तशा सोडून आले."

तिच्या सासूबाई 1991 सालीच गेल्या होत्या.

माझा आतेभाऊ शेजारीच बसला होता. तो पटकन म्हणाला, "आई, आजी तर दोन वर्षं आधीच गेली." आत्या गप्प झाली, मग चहाचं विचारायला उठली. मुलाखतीच्या खोलीत घरचं तिसरं माणूस नको, हा आमच्या कामातला नियम एवढ्यासाठीच आहे.

पुढच्या बैठकीला आम्ही दोघीच होतो. मी भूकंपाचं नावही काढलं नाही. नाईटला असताना घरून निरोप आला तर काय करायचीस, एवढंच विचारलं. बराच वेळ ती बोलली नाही. त्या वेळी आपणही बोलायचं नसतं. मग 1991ची ती रात्र आली. शिपाई चिठ्ठी घेऊन आला होता. बदली माणूस मिळेना. चार्ज दिल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही. ती सकाळी घरी पोचली तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या. "कुणी एक शब्द बोललं नाही मला. बोलले असते तर बरं झालं असतं." भूकंपाच्या रात्री ड्युटी सोडली नाही म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, त्या आधीच्या रात्रीबद्दल मात्र कोणी तिला मोकळं केलं नाही. स्मृतीने दोन्ही रात्री एकत्र आणल्या.

आतेभावाचं म्हणणं, चूक दुरुस्त करून छापा. माझं म्हणणं, वाक्य तसंच राहील. खरं साल तळटीपेत जाईल. याला आधार आहे. इटलीतल्या तेर्नी गावात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद-कामगार 17 मार्च 1949 रोजी पोलिसांच्या गोळीबारात मेला. नाटो कराराविरुद्ध कामगार रस्त्यावर उतरले होते. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी ते मरण 1953च्या मोठ्या कामगारकपातीच्या आंदोलनात घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्लींनी कागदपत्रांतून खरी तारीख पक्की केली आणि मग पुढचा प्रश्न विचारला: इतक्यांची आठवण एकाच दिशेने का सरकली? इतकं मोठं मरण त्या माणसांच्या लेखी इतक्या किरकोळ कारणाशी जोडलेलं राहू शकत नव्हतं. हे लक्षात न घेता 'म्हाताऱ्यांच्या आठवणींवर काय विसंबायचं' म्हणणारे विद्वान मला आजही भेटतात. तारीख सेवापुस्तकातही सापडते. ती का सरकली, हे मात्र सेवापुस्तकात कुठेच नसतं.

दुसरा आक्षेप नात्याचा. नातेवाइकाने नातेवाइकाची मुलाखत घेतली की ती तटस्थ राहत नाही, असं म्हणतात. उर्वशी बुटालियांचं फाळणीवरचं पुस्तक लाहोरला मागे राहिलेल्या त्यांच्या मामांच्या गोष्टीपासून सुरू होतं, आणि त्याने त्याचं मोल कमी होत नाही. सासूबाई कधी गेल्या हे परक्या मुलाखतकाराला कळलंच नसतं. दोन्ही रात्रींचा सांधा त्याच्या हातून निसटला असता. पण एक शंका मला सोडत नाही. आत्याने ते अभ्यासक म्हणून मला सांगितलं की भाचीला? परक्याला तिने सहज नाही म्हटलं असतं. म्हणून तिच्याकडून लेखी परवानगी घेतली आणि हा मजकूर तिला वाचून दाखवला. तिने स्वतःचं आणि रुग्णालयाचं नाव काढायला सांगितलं. तारीख राहू दे म्हणाली.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून बोलतं केलं, म्हणून 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' उभं राहिलं. काचेच्या सिरिंजा उकळणाऱ्या पिढीतल्या परिचारिका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या घरात अशी मावशी, काकू, आत्या असेल तर या दिवाळीत तिच्याजवळ एकटेच बसा. वॉर्ड कोणता होता, चार्ज कोणाला द्यायचीस, पहिल्या पगाराचं काय केलंस, हे विचारा. आणि तिची तारीख चुकली तर मध्येच दुरुस्त करू नका.