टाकीचा श्वास

तेलाचा डबा फोडताना जाणती माणसे त्याला दोन भोके पाडतात. एकच भोक असले तर तेल बुडबुड करीत, अडखळत येते. दुसऱ्यातून हवा आत शिरू लागली, की धार सरळ लागते.

कर्जतच्या माझ्या एका स्नेह्यांकडे एक जुनी डिझेल मोटार होती. खालापूरपर्यंत ती सुरळीत चाले. पण खोपोली ओलांडून बोरघाट चढू लागली, की धापा टाकून बंद पडे. घटकाभर थांबले, की पुन्हा सुरू! कोणी गाळणी बदलली, कोणी पंप उघडला. (अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो.) अखेर खोपोलीच्या एका वृद्ध मिस्त्रींनी, मोटार बंद पडताच, टाकीचे झाकण फिरवले. ‘फुस्स’ असा आवाज झाला. हवा बाहेर आली नव्हती, आत धावली होती!

टाकीतले डिझेल इंजिनाकडे गेले, की त्या जागी हवा यावी म्हणून टाकीला एक बारीक नळी असते. ती बुजली, की आतला दाब घटतो आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. चढणीवर इंधन अधिक लागते, म्हणून मोटार तेथेच अडे. थांबल्यावर फटीतून थोडी हवा झिरपे.

आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असे इटलीच्या तोरिचेल्लीने १६४४ साली लिहिले. त्या समुद्राचा भार दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम असतो.

मिस्त्रींनी नळीत तार घातली. आतून वाळलेली माती निघाली. कुंभारीण माशीने तेथे घर बांधले होते!