विज्ञानकथेचा पत्ता

विज्ञानकथा लिहून झाल्यावर ती पाठवावयाची कोठे, हा प्रश्न मला वाङ्मयीनच वाटत आला आहे. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुताला हक्काची जागा दिली होती, एरवी भिस्त दिवाळी अंकांवर, म्हणजे वर्षातून एकदाच. पृष्ठमर्यादेपायी माझ्या कथांतील परग्रहही आक्रसत गेले! स्पर्धेत निदान नावाचे ओझे नसते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात ‘कृष्णविवर’ पाठविली. नामवंत शास्त्रज्ञाला केवळ कथेच्या बळावर पहिले पारितोषिक मिळाले. माझी एक कथा ‘यात माणसे कोठे आहेत?’ असे विचारून एका संपादकांनी परत केली. तीच आता टोपणनावाने स्पर्धेस धाडली आहे. निकाल यावयाचा आहे.